मागे तेल, पुढे ग्रीस: जुन्या ल्युकस डायनामोच्या बेअरिंगची देखभाल, पायरीपायरीने

जुन्या मॉरिस मायनरचा किंवा सुरुवातीच्या अँबॅसेडरचा डायनामो, म्हणजे पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, उघडला की बहुतेक वेळा दोनांपैकी एक दृश्य दिसतं. एक तर मागचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) कोरडं ठणठणीत आणि आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागावर, घासल्याचे चकचकीत ओरखडे. नाहीतर सगळा कम्युटेटर (शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) तेलाच्या काळ्या चिखलात बुडालेला. पहिल्या मालकाने दहा वर्षं तेलाचा थेंब घातला नाही, दुसऱ्याने आठवण होईल तेव्हा कुपी रिकामी केली. डायनामो दोघांचाही गेला.

हा लेख ल्युकसच्या सी-३९ आणि सी-४० या डायनामोंना धरून लिहिला आहे. १२ व्होल्ट, दोन पोल (आर्मेचरभोवतीचे स्थिर चुंबकी तुकडे), दोन कार्बन (कम्युटेटरवर टेकून वीज घेणारे ब्रश). सी-३९ जास्तीत जास्त १९ अँपिअर देतो, सी-४०-१ हा २२. फियाट किंवा जीपवाल्यांनी आपल्या डायनामोच्या मागच्या टोकाला बुश आहे की छऱ्यांचं बेअरिंग, हे आधी पाहावं. बेअरिंग असेल तर खालचा बुशाचा भाग तुमच्यासाठी नाही, बाकीचा बराचसा लागू पडेल.

## आधी एवढं पक्कं करा

या डायनामोत शाफ्ट दोन ठिकाणी टेकतो आणि दोन्हींची भूक वेगळी आहे.

मागच्या बाजूला, म्हणजे कम्युटेटरकडे, सच्छिद्र ब्राँझचं बुश असतं. ते धातूची पूड दाबून, भाजून केलेलं असतं. त्याच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा म्हणजे पोकळी, आणि त्या पोकळीत तेल. बुश तापलं की तेल बाहेर झिरपतं, थंड झालं की परत आत ओढलं जातं. याला पातळ तेल लागतं आणि तेही थेंबांनी.

पुढे पुलीकडे छऱ्यांचं बेअरिंग असतं. त्यात उघडून ग्रीस भरायचं, मग पुढच्या उघडणीपर्यंत हात लावायचा नाही. बाहेरून तेल घालायला तिथे भोक नाही, आणि कुणी पुलीमागून तेल सोडत असेल तर तो आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतोय.

जुन्या सी-४५ सारख्या डायनामोंना मागे तेलाच्या भोकाऐवजी फिरवून काढायची टोपी असते. टोपीत स्प्रिंग आणि नमदा (दाबलेल्या लोकरीचा तुकडा) असतो. ती टोपी अर्धी ग्रीसने भरायची असते. आपल्याकडे टोपी आहे की भोक, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## १. दोष डायनामोचाच आहे का?

बॉनेटखालून कुरकुर आली की संशय पहिला डायनामोवर जातो. पण तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, आणि पंपाचं बेअरिंग गेलं तरी आवाज हुबेहूब तसाच येतो.

इंजिन थंड असताना पट्टा उतरवा. डायनामोची पुली हाताने फिरवा. कार्बनचा हलका, सारखा अडसर जाणवला तर ते बरोबर आहे. खरखर लागली तर पुढचं बेअरिंग गेलं. फिरताना ठरावीक जागी अडकत असेल तर आर्मेचर पोलला घासतंय, म्हणजे मागचं बुश झिजलं. मग पुली धरून वरखाली हलवून पाहा आणि तेच पंपाच्या पुलीलाही करा.

अजून खात्री हवी असेल तर पट्ट्याविना इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज तरीही येत असेल तर तो या दोघांचा नाही.

सावध: पट्टा नसताना पंप बंद, पंखा बंद. अर्ध्या मिनिटाचं एक मिनिट करू नका.

## २. न उघडता करायचं काम: मागचं तेल

डायनामोच्या मागच्या झाकणाच्या मधोमध एक भोक असतं आणि शेजारी इंग्रजीत 'ऑइल' अशी अक्षरं असतात. कित्येक गाड्यांत ती रंगाखाली किंवा मातीखाली गाडलेली असतात. आधी तारेच्या ब्रशने आणि चिंधीने ती जागा स्वच्छ करा. नाहीतर पहिल्याच थेंबाबरोबर ती माती बुशात जाईल.

तेल कुठलं? एसएई ३० चं साधं इंजिन ऑइल. किती? दोन-तीन थेंब, मग पाच मिनिटं थांबा, मग आणखी दोन. कधी? मूळ पुस्तिकांत मॉडेलप्रमाणे ६,००० ते १२,००० मैलांचं अंतर दिलेलं असतं, म्हणजे सुमारे ९,६०० ते १९,००० किलोमीटर. आज आपल्या गाड्या वर्षाला हजार किलोमीटर चालल्या तरी कौतुक, म्हणून मी किलोमीटर धरत नाही. पावसाळा संपला की वर्षातून एकदा घालतो.

इथे तीन चुका नेहमी होतात. भोकात ग्रीसगन लावून ग्रीस दाबणं: ग्रीस बुशाची छिद्रं बुजवतं आणि पुढे घातलेलं तेलही आत पोचत नाही. गंज सोडवायचा स्प्रे मारणं: तो पातळ द्रावक बुशातलं उरलंसुरलं तेल धुऊन नेतो, दोन दिवस आवाज थांबतो आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट येतो. आणि भोक भरेपर्यंत तेल ओतणं: जास्तीचं तेल आत कम्युटेटरवर उतरतं, कार्बनच्या भुकटीत कालवलं जातं आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा भरून टाकतं.

तपासा: तेल घातल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवा. मागच्या झाकणाच्या फटीतून तेल ओघळताना दिसलं तर जास्त झालं. त्या वर्षी पुन्हा कुपी उचलू नका.

खरखर किंवा डगमग नसेल तर काम इथेच संपलं. डायनामो उगाच उघडू नये.

## ३. उघडायचं ठरलं तर आधी सामान

पाने इंची लागतील. पुलर किंवा लहान प्रेस, ५/८ इंची टॅप, लाकडी किंवा तांब्याची हातोडी, अर्धचंद्री चावी ठेवायला डबी, मल्टिमीटर, बारीक काचपेपर, आणि मोबाइल, कारण प्रत्येक वॉशरचा क्रम फोटोत असलेला बरा.

नवं बुश, नवं बेअरिंग आणि नवे कार्बन आधी आणून ठेवा. बेअरिंग मागताना गाडीचं नाव सांगू नका. जुन्या बेअरिंगवरचा नंबर आणि व्हर्नियरने घेतलेली तीन मापं सांगा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. एवढ्या वर्षांत आपल्या गाडीवर कुठला डायनामो कुणी चढवला, ते सांगता येत नाही.

ग्रीस लिथियमचं, ताप सोसणारं घ्या. गॅरेजमध्ये डब्यात पडलेलं चेसिस ग्रीस नको. कॅल्शियमचं साधं ग्रीस १०० अंशांच्या आसपास पाघळतं, लिथियमचं सुमारे १८० अंशांपर्यंत पाघळत नाही. डायनामो तर इंजिनाला चिकटून बसलेला असतो.

सावध: बुश आज आणून आजच बसवता येत नाही. ते २४ तास तेलात बुडवून ठेवावं लागतं. म्हणून डायनामो काढण्याच्या आदल्या दिवशीच बुश एसएई ३० तेलाच्या वाटीत टाका. अगदीच घाई असेल तर १०० अंशांच्या तेलात दोन तास आणि त्याच तेलात थंड होईपर्यंत. त्यासाठी तेलाचा डबा आचेवर ठेवू नका, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. गरम बुश बाहेर काढलं तर थंड होताना ते तेलाऐवजी हवा ओढून घेतं.

## ४. गाडीवरून उतरवणं

बॅटरीचं आधी अर्थचं, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेलं, टोक सोडा. या गाड्यांपैकी बऱ्याच मुळात पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या आणि मधल्या काळात काहींच्या निगेटिव्ह केल्या गेल्या. आपली कुठली आहे, हे आत्ताच पाहून कागदावर लिहा. शेवटच्या पायरीत लागेल.

डायनामोच्या मागच्या मोठ्या टोकाची तार 'डी', लहान टोकाची 'एफ'. दोन्हींना चिकटपट्टी लावून नावं लिहा. काही मायनरांत इग्निशन कॉइल डायनामोच्याच पाठीवर बसवलेली असते, ती आधी मोकळी करा. मग ताण द्यायच्या पट्टीचा बोल्ट, पट्टा आणि शेवटी वरचे दोन बोल्ट. डायनामो जड आहे. शेवटचा बोल्ट काढताना एक हात खाली असू द्या.

## ५. डायनामो उघडणं

१. मागून दिसणारे दोन लांब बोल्ट काढा. झाकण आणि बॉडी यांच्यावर खिळ्याने एक-एक खूण करा.

२. मागचं झाकण सरळ मागे ओढा. कार्बन त्याच्याबरोबर येतील. शाफ्टच्या या टोकाला एक पातळ फायबरचा वॉशर असतो. तो झाकणाला चिकटून येतो आणि हरवतो. आधी त्याला शोधा.

३. पुढचं झाकण आर्मेचरसकट बाहेर काढा.

४. पुलीचा नट सोडा. पुली व्हाइसमध्ये धरू नका, तिचा पत्रा वाकतो. जुना पट्टा पुलीभोवती गुंडाळून तो पट्टा व्हाइसमध्ये आवळा. पुली पुलरने काढा, चावी डबीत टाका.

पुढचं बेअरिंग निरोगी असेल तर शाफ्ट त्यातून काढायचं कारण नाही. हाताने सावकाश फिरवून, कानाजवळ धरून ठरवा.

तपासा: आर्मेचरच्या लोखंडावर एका बाजूला चकचकीत घासलेली पट्टी आहे का? असेल तर मागचं बुश बदलायचंच, मग ते हाताला कितीही बरं लागो.

सावध: आर्मेचर, फील्ड कॉइल (पोलभोवतीची तारेची गुंडाळी) आणि मागचं झाकण रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवू नका. कॉइलचं जुनं इन्सुलेशन सुटतं आणि बुशातलं तेल धुतलं जातं. पेट्रोलने ओली केलेली चिंधी पुरे, आणि तीही मोकळ्या हवेत.

## ६. मागचं बुश

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

जुनं बुश काढायला छिन्नी लावू नका, झाकण चिरतं. ५/८ इंची टॅप बुशात सरळ धरून काही आटे आत फिरवा आणि टॅपसकट बुश ओढून काढा. टॅप तिरका गेला तर झाकणाची भिंत कापली जाते.

बुशाच्या मागे नमद्याची चकती आणि अ‍ॅल्युमिनियमची पातळ चकती असते. नमदा म्हणजे या बुशाची टाकी. भोकातून घातलेलं तेल आधी तो पितो, मग बुशाला पुरवतो. तो वाळून कडक झाला असेल तर तुम्ही घातलेलं तेल कुठे जाणार? नवा नमदा तेलात भिजवून, हाताने पिळून बसवा.

नवं बुश तेलाने भरलं की नाही, हे पाहायची एक सोपी खूण आहे. बुश उभं धरून त्यात काठोकाठ तेल भरा, दोन्ही तोंडं अंगठ्याने आणि बोटाने बंद करून दाबा. बाहेरच्या भिंतीवर घामासारखे बारीक थेंब फुटले की ते तयार. नाही फुटले तर पुन्हा वाटीत.

आता बसवणं. शाफ्टच्या व्यासाची, गुळगुळीत पॉलिश केलेली आणि खांदा असलेली पिन लेथवर करून घ्या. त्या पिनवर बुश चढवून ते प्रेसने किंवा व्हाइसने झाकणात सरळ दाबा. बुशाचं तोंड झाकणाच्या आतल्या पातळीशी सपाट आलं की थांबा. पिन मधे असल्यामुळे बुश आकसलं तरी त्याचा आतला व्यास शाफ्टइतकाच राहतो.

सावध: बसवल्यानंतर बुशात रिमर, कानस, पॉलिशपेपर यांपैकी काहीही फिरवायचं नाही. माझ्या पहिल्या डायनामोच्या वेळी मी बुश पिनविना ठोकलं, ते आवळलं, आणि लेथवाल्याकडे नेलं. त्याने 'जरा टाइट आहे' म्हणून रिमर मारून दिला. शाफ्ट लोण्यासारखा बसला. पण रिमरने छिद्रांची तोंडं लिंपली गेली होती, आणि पुढचा पावसाळा यायच्या आतच बुश किंचाळायला लागलं. लेथवाल्याचं काही चुकलं नाही, मी त्याला हे सांगितलंच नव्हतं.

तपासा: शाफ्ट बुशात घालून फिरवा. तो मऊ सरकला पाहिजे, डगमगता कामा नये. शाफ्टवरच बोटाला लागणाऱ्या कडा पडल्या असतील तर नवं बुश वर्षभरही टिकणार नाही. आधी आर्मेचर चांगल्या कारागिराला दाखवा.

## ७. पुढचं बेअरिंग

शाफ्टच्या टोकावर नट अर्धा चढवा, म्हणजे आटे मरणार नाहीत. झाकणाला आधार देऊन शाफ्ट प्रेसने बाहेर काढा. प्रेस नसेल तर लाकडी हातोडीने, बेताने.

बेअरिंग झाकणात धरून ठेवणारी पट्टी जुन्या डायनामोंत रिव्हेटने, तर नंतरच्या काहींत सर्क्लिपने बसवलेली असते. रिव्हेट असतील तर डोकी ड्रिलने उडवा. बेअरिंग निघालं की त्याच्यामागे नागमोडी वॉशर, नमद्याचा वॉशर आणि तेल अडवणारा वॉशर मिळतो. हा क्रम उलटला की ग्रीस आत वळतं आणि कम्युटेटरकडे उडतं. इथे फोटो काढाच.

जुनं बेअरिंग पुन्हा वापरायचं असेल तर ते धुऊन, वाळवून मगच ग्रीस भरा. जुन्या ग्रीसवर नवं चढवू नका. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र आली की कधी कधी पाण्यासारखी होतात. धुतलेलं बेअरिंग हवेच्या फवाऱ्याने गरगर फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. कोरडे छरे तेवढ्यातच खरवडले जातात.

ग्रीस बोटाने एका बाजूने दाबा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. मग जास्तीचं पुसा. मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा, एवढंच आत राहू द्या. ठासून भरलं तर ग्रीस घुसळलं जाऊन तापतं आणि वितळून बाहेर पडतं. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं आधुनिक बेअरिंग आणलं असेल तर सील उचकटायचं नाही, धुवायचंही नाही. त्यात कारखान्यातूनच ग्रीस भरलेलं असतं.

बेअरिंग झाकणात बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर द्या. आणि शाफ्ट बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या कड्याखाली योग्य व्यासाचा लोखंडी पाइप उभा करा. हे वाक्य दोनदा वाचा. बहुतेक जण झाकण दोन लाकडांवर ठेवतात आणि वरून शाफ्ट ठोकतात. मग सगळा मार छऱ्यांतून जातो, कड्यांवर बारीक खळगे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. लोक म्हणतात, हल्लीचा माल खराब.

## ८. कम्युटेटर आणि कार्बन

उघडलंच आहे तर हे पंधरा मिनिटांचं काम आहे. कम्युटेटर पेट्रोलच्या चिंधीने पुसा, काळेपणा राहिला तर बारीक काचपेपर फिरवा. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधल्या खाचा भरल्या असतील तर हॅकसॉच्या घासून पातळ केलेल्या पात्याने सुमारे ०.८ मिलिमीटर खोल मोकळ्या करा. कार्बन ७ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला. जुनेच ठेवत असाल तर प्रत्येक आपल्याच घरात, त्याच बाजूने परत जाऊ द्या.

मल्टिमीटरने 'एफ' टोक आणि बॉडी यांच्यात रोध मोजा. सुमारे ६ ओहम आला तर फील्ड कॉइल ठीक.

## ९. जोडणी

पुढचं झाकण आर्मेचरसकट बॉडीत सरकवा. फायबर वॉशर शाफ्टवर चढवा. बुशाला आतून एक थेंब तेल.

मागचं झाकण बसवताना कार्बन आडवे येतात. दोन्ही कार्बन घरात वर उचला आणि स्प्रिंगचं टोक कार्बनच्या डोक्यावर न ठेवता कुशीला टेकवा, म्हणजे ते वर अडकून राहतील. झाकण जवळजवळ बसलं की फटीतून बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग डोक्यावर ढकला. 'टक्' असा आवाज दोनदा आला पाहिजे. एकदाच आला तर झाकण पुन्हा काढा.

लांब बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. मध्येमध्ये शाफ्ट फिरवत राहा. जड झाला तर बोल्ट सैल करून झाकणाला लाकडी हातोडीने हलकेच टिचकी द्या, आणि पुन्हा आवळा.

तपासा: पट्टा न लावता, टेबलावरच 'डी' आणि 'एफ' एका तारेने जोडा. बॅटरीचं गाडीत अर्थला असणारं टोक डायनामोच्या बॉडीला आणि दुसरं त्या तारेला लावा. डायनामो मोटरसारखा सावकाश, एकसारखा फिरायला हवा. अडखळत फिरला तर बुश तिरकं आहे किंवा कार्बन अडकला आहे. गाडीत चढवण्याआधी हे कळलेलं बरं.

## १०. गाडीवर चढवणं, पट्टा आणि चाचणी

पट्ट्याचा ताण: दोन पुल्यांमधल्या पट्ट्याच्या सर्वात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. 'घसरू नये' म्हणून तारेसारखा ताणलेला पट्टा पुढचं बेअरिंग आणि मागचं बुश दोन्ही खातो. ताण द्यायला पहार लावायचीच असेल तर ती पुढच्या झाकणावर टेकवा. मागच्या झाकणावर टेकवलीत तर ते हलतं, तडकतं, आणि कालचं सगळं काम वाया.

डायनामो बरेच दिवस पडून होता किंवा गाडीचा अर्थ बदलला असेल, तर त्याला ध्रुवता द्या, म्हणजे त्यातलं चुंबकत्व गाडीच्या अर्थशी जुळवा. दोन्ही तारा सोडलेल्या असताना बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची तार फक्त 'एफ' ला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी उडेल. 'डी' ला नाही.

आता तारा न लावताच 'डी' आणि 'एफ' एकत्र जोडा, व्होल्टमीटर त्यांच्यात आणि बॉडीत लावा, आणि इंजिन आयडलवरून हळूच वाढवा. काटा न थरथरता भरभर चढला की डायनामो उत्तम. २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका, इंजिन रेस करू नका. काटा हललाच नाही तर कार्बन टेकलेले नाहीत. अर्धा ते एक व्होल्टवर थांबला तर फील्डचा दोष, चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचरचा.

चाचणी झाली की जोडतार काढा, 'डी' आणि 'एफ' च्या तारा आपापल्या टोकाला लावा. त्या उलट लागल्या तर कटआऊट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप स्विच) जळतो. इंजिन सुरू करून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझतो का पाहा. सुमारे १५० किलोमीटरनंतर पट्ट्याचा ताण पुन्हा बघा, नवा पट्टा तोवर थोडा ताणलेला असतो. नव्या बुशाला तेल मात्र लगेच घालू नका. त्याच्या पोटात आणि नमद्यात वर्षभराचं आहे.